टीव्हीवाल्यांनी कापलेला शेवट

प्रिय धाकटे,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. म्हणजे आधीच रागावलेली आहेस, त्यात भर घालू नकोस. तू फोन आपटलास त्याला आता दोन महिने होत आले. रोज म्हणायचो, आज करतो, उद्या करतो. पण फोनवर मला सुचत नाही, आणि तू मध्येच बोलतेस. कागद मध्येच बोलत नाही. अक्षर वाकडंतिकडं आहे ते चालवून घे. कापडावर खडूनं रेघ मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण कागदावरचं माझं सगळं शाळा सुटली तिथंच थांबलं. सूनबाई म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहून देते. म्हटलं, नको. पत्ता तिघांकडून तपासून घेतलाय. तरी पोचेल की नाही ही धाकधूक आहेच, तुमच्या इमारतीचा नंबर बदलला असं मागे कोणीतरी म्हणालं होतं.

आधी एवढं ऐक, की त्या दिवशी मी भांडायला फोन केला नव्हता. घरात पैज लागली होती. टीव्हीवर आपला तो सिनेमा लागला होता, वकिलाच्या मुलीचा. आपण दोघं मंडईमागच्या थिएटरात पाहिला होता तो, मी तापानं अंथरूण धरलं त्याच आठवड्यात. पोरगी बापाच्या मनाविरुद्ध निघते, बाप दाराला आतून कडी घालून बसतो, बस सुटते, आणि पडद्यावर ‘समाप्त’. मी ताडकन उभाच राहिलो. म्हटलं, कापला! मेल्यांनी शेवट कापला! मुलगा म्हणाला, बाबा, बसा आधी, बीपी वाढेल. म्हटलं, बीपी गेलं खड्ड्यात, बाप येतो! कडी काढून अनवाणी धावत येतो, बसच्या मागे, हातात लाल कापड हलवत, गाडी थांबवायला हलवतात तसं. बस थांबत नाही. मग तो कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला धरून धापा टाकत उभा राहतो. किती वेळ उभा राहतो! तो खांब मला आजही दिसतो. आणि या टीव्हीवाल्यांनी ते सगळं साबणाच्या जाहिरातीसाठी उडवलं.

सूनबाई तोंडाला पदर लावून हसली. पण मला का खात्री होती, ते तुला तरी कळेल. आपला थिएटरचा ऑपरेटर आठव. घरी जायच्या शेवटच्या बसच्या वेळेवर जगणारा माणूस. खेळ लांबला की तो एखादं रीळ गाळायचा, नाहीतर शेवटचंच गुंडाळून ठेवायचा आणि दिवे लावून मोकळा. त्यामुळे आपल्या गल्लीत एकाच सिनेमाचे चार शेवट चालायचे. न्हावी शपथेवर सांगतो की ती पोरगी विहिरीत उडी घेते. इस्त्रीवाला म्हणतो, उडीबिडी काही नाही, म्हातारा मरतो आणि ती परत येते. या एका गोष्टीवरून ते दोघं वर्षभर बोलत नव्हते. इस्त्रीवाला त्या वर्षी दाढी वाढवून हिंडला, पण न्हाव्याची पायरी चढला नाही. तेव्हा टीव्हीवाल्यांनाही कुठल्यातरी थिएटरची कापलेली प्रत मिळाली असणार, असा माझा सरळ हिशेब. आणि साक्षीदार कोण? तू. माझ्या शेजारच्या खुर्चीवर तू होतीस.

म्हणून फोन लावला. आणि त्याच दमात म्हणालो, पैज जिंकलो तर चार दिवस राहायला ये. तू काय म्हणालीस ते मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. म्हणालीस, दादा, बाप येत नाही. सिनेमातला आला नाही, आपलाही आला नाही. मी बसमध्ये बसले तेव्हा त्या घरातून एक माणूस बाहेर आला नाही. त्या घराची पायरी मी का चढू? आणि फोन ठेवलास. मी ‘हॅलो, हॅलो’ करत बसलो. तू गेलीस त्या दिवशी मी तापात होतो, वर पडून होतो. आई औषध आणायला गेली होती. बाबा खाली दुकानात कोणाशी एक शब्द न बोलता शिवत बसले होते. तू ज्याच्याबरोबर गेलीस त्या रेडिओवाल्याचं नाव जरी कोणी काढलं तरी ते मशीन जोरात चालवायचे, हे मला आईनंच नंतर सांगितलं. तू म्हणालीस ते मीही खरंच धरून चाललो होतो.

तुझ्या फोननंतर घरात माझी वेगळीच चौकशी सुरू झाली. म्हातारा नसलेलं बघतो म्हणून. मुलगा मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर चांगला तरणाताठा पोरगा. म्हणाला, आजोबा, आज वार कोणता? मी सांगितला. म्हणाला, घड्याळ काढून दाखवा. काढलं, असं गोल की त्याला वाटलं वाटी ठेवून काढलं. तरीसुद्धा घरी आल्यावर मुलानं दुकानाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाला, बाबा, आता आराम करा, कात्री मोठी धारदार आहे. म्हटलं, झाली सुरुवात. उद्या म्हणतील, गॅसला हात लावू नका. परवा म्हणतील, एकटे बाहेर जाऊ नका. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे सगळं त्या एका शेवटावर येऊन ठेपलं.

मग नातीनं मनावर घेतलं. कॉलेजला जाते आता, तुझ्यासारखीच हट्टी. तिनं कुठून कुठून शोधून तो अख्खा सिनेमा मिळवला, एक इंच न कापलेला, आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवलं. मी चष्मा दोनदा पुसला. पोरगी निघाली. कडी लागली. बस गेली. ‘समाप्त’. बाप आला नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी माझ्या पायांकडे. नात जवळ येऊन बसली. आजोबा, म्हणाली, तुम्हाला जसं दिसतं तसं मला नीट सांगा. बस कशी होती? म्हटलं, निळी, मागून धूर सोडणारी. आणि कापड? म्हटलं, लाल. कसलं लाल? म्हटलं, अगं मरून, बँडवाल्याच्या कोटाचं असतं तसं. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, आजोबा, सिनेमा तर काळा-पांढरा आहे.

धाकटे, तेव्हा कुठं मला आठवलं. मी थिएटरात शेवट पाहिलाच नव्हता. तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून मी तापानं ग्लानीत गेलो होतो, आणि दिवे लागल्यावर तू मला हलवून उठवलं होतंस. वाटेत थट्टाही केलीस, तिकीट काढून झोपायला येणारा पहिलाच प्रेक्षक म्हणून. मग मी पाहिलं ते काय?

दुसऱ्या दिवशी मी मुलाकडे किल्ली मागितली. अशा आवाजात मागितली की त्यानं लगेच खिशातून काढून दिली. दुकान उघडलं, बाबांच्या स्टुलावर बसलो, आणि तो कोट आठवला. बँडमास्तरचा मरून कोट. मी तापातून उठल्यावर बाबांनी मला दिलेलं पहिलं काम तेच होतं. कोटाची डावी बाही नव्याने काप, म्हणाले. मी म्हटलं, कापलेली होती ना, कुठं गेली? तर म्हणाले, उडाली वाऱ्यानं. आपल्या दुकानात वारा! जिथं उन्हाळ्यात घाम पुसून पुसून कापडावर डाग पडायचे! त्या ताग्यातलं कापड संपलं होतं, म्हणून मी दुसरं जुळवलं, ते थोडं भडक निघालं. बँडमास्तर दुकानात येऊन ओरडला, अहो, हा एक हात वरातीचा आणि दुसरा कोणाचा? रस्त्यावरचे लोक जमून हसायला लागले. बाबांना तू ओळखतेस. गिऱ्हाइकानं टाक्याला नाव ठेवलं तर कोट परत हिसकावून घेणारा माणूस. त्या दिवशी ते मान खाली घालून सगळं ऐकून घेत उभे होते. मला तेव्हा कोडं पडलं होतं.

आता पडत नाही. म्हणून हे पत्र. तो शेवट मी सिनेमात पाहिला नाही, मी खिडकीतून पाहिला. माझी खाट खिडकीला लागून होती आणि खाली कोपऱ्यावर बसथांबा, तुला माहीतच आहे. बाबा शिवता शिवता उठून धावले, अनवाणी, गळ्यात टेप तसाच, हातात बँडमास्तरची बाही. तीच त्यांनी ड्रायव्हरला हलवून दाखवली. उशीर झाला होता. मग ते खांबाला धरून उभे राहिले. तापातून उठलो तेव्हा तू गेलेली होतीस, डोक्यात तो सिनेमा होता, आणि मी हे सगळं त्या वकिलाच्या अंगावर घालून टाकलं. बाबांनी जन्मात तोंड उघडलं नाही, आणि मला माहीतच नव्हतं की माझ्याकडे सांगण्यासारखं काही आहे. डॉक्टर म्हणेल, तापात माणूस काहीही बघतो. म्हणू दे. तापानं कोटाची बाही नाहीशी होत नाही. ते आले होते, धाकटे. काम टाकून, धावत आले होते. याबद्दल माझ्या मनात आता तिळभर शंका नाही, आणि तूही ठेवू नकोस. यायचं की नाही ते तू ठरव, मी आग्रह करणार नाही. मला फक्त एकच विचारायचं आहे, आणि त्यानं मला चैन पडत नाही. बसमध्ये तू कोणत्या बाजूला बसली होतीस? दुकानाकडच्या, की पलीकडच्या? तू मागे वळून पाहिलं होतंस का? फोन कर, नाहीतर दोन ओळी टाक, पण लवकर कळव. मी वाट बघतोय.

तुझाच,
दादा