मिशीराव आणि चार बोटांची फट

३ मार्च
माशांची पैदास करणाऱ्या हॅचरीवर रुजू झालो. ऑफिसने इतक्या लांब पाठवलं म्हणजे माझ्यावर विश्वास टाकला, हे उघड आहे. मेव्हणा म्हणतो, तिथं जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मेव्हण्याला आजवर कोणी कुठेच पाठवलेलं नाही, त्याला काय कळणार.

होडीने दीड तास. मोबाइलला रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला, तीही एका पायावर उभं राहून वाकलं तर. माणसं तीन. मी, लॅब बघणाऱ्या बाई आणि आचारी. आचाऱ्याला सगळे मामा म्हणतात. साहेब शहरातल्या ऑफिसातून अधूनमधून येतात.

मोठ्या हौदात चोवीस माद्या. प्रत्येक हातभर लांब. चार वर्षं सांभाळून वाढवलेल्या. मे महिन्यात पहिल्यांदा अंडी देणार. बाई म्हणाल्या, हॅचरी चालू ठेवायची की बंद करायची, ते या अंड्यांवर ठरणार आहे. मी म्हटलं, आता मी आलोय. बाईंनी चष्मा काढून पुसला. भारावल्या असाव्यात.

संकल्प : रोज पहाटे उठणे. हॅचरीचं मॅन्युअल पूर्ण वाचणे (२१२ पानं, दिवसाला दहा). वर्षभरात इन्चार्ज होणे.

६ मार्च
मॅन्युअल : पान ४. अक्षर फार बारीक आहे.

९ मार्च, सकाळी ५.४०
विलक्षण घटना. हौदाचं पाणी ज्या चरातून समुद्रात जातं, त्या चराच्या काठावर पाणमांजर! ओलं, चकचकीत, मिशा फेंदारलेल्या. आमची नजरानजर झाली. मी हळूच शीळ घातली. ते थांबलं. मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि मग गेलं. त्या बघण्यात काहीतरी होतं. ओळख म्हणावी अशी.

११ मार्च
आज परत आलं. खाद्याच्या बादलीतला एक छोटा मासा टाकला. दोन्ही हातांत धरून खाल्ला, अगदी पंगतीला बसल्यासारखा. नाव ठेवलं मिशीराव.

१५ मार्च
मिशीराव शीळ ऐकून येतात. चार दिवसांत! लोक आयुष्य घालवतात प्राण्यांचा विश्वास मिळवायला. काहींना ते उपजतच असतं. धक्क्यावर जाऊन हिला फोन करून सांगितलं. ही म्हणाली, घरातल्या मांजराने नऊ वर्षांत तुमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ते मांजर हिने लाडावलेलं आहे, म्हणून.

मॅन्युअल : पान ४.

२० मार्च
बाईंनी आज ऑफिसच्या भिंतीवरचा बोर्ड दाखवला. वन्य प्राण्यांना खायला घालू नये. चराचं जाळीचं दार सदैव बंद ठेवावं. मी म्हटलं, वाचलंय. बाई म्हणाल्या, वाचलंय ना, मग झालं.

स्पष्ट सांगायचं तर हा मत्सर आहे. त्या इथे सहा वर्षं आहेत. त्यांच्या शिळेला आजवर कोणी आलं नाही.

२४ मार्च
मामांचं जेवण चांगलं असतं, पण माणूस फार चौकस. रोज पहाटे कुठे जाता म्हणून विचारलं. मी म्हटलं, निरीक्षणाला. मामा म्हणाले, असं होय, आणि भाकरी उलटली. अकरा वर्षं एकाच स्वयंपाकघरात राहिलं की माणसाची झेप खुंटते.

२७ मार्च
मिशीरावांना माझ्यापर्यंत यायला जाळीच्या दारावरून चढावं लागतं. आज पाय सटकला बिचाऱ्यांचा. पाहवेना. दाराची कडी काढून चार बोटांची फट ठेवली. आत आल्यावर थेट माझ्यापाशी बसले. किरकोळ बाब, पण नोंद असावी म्हणून लिहिली.

३१ मार्च
गंमत आहे. मी पहाटे कडी काढून येतो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं तर ती परत घट्ट बसलेली. खाऱ्या हवेने लोखंड आकसत असणार. साहेबांना यावर एक टिपण पाठवावं.

४ एप्रिल
माद्या मोजल्या. बावीस. पुन्हा मोजल्या. बावीस. मासे हलतात, मोजणाऱ्याने काय करावं? रजिस्टरला चोवीस लिहिलं.

९ एप्रिल
बाईंनी मोजल्या. वीस. रजिस्टर माझ्यासमोर धरून विचारलं, हे चोवीस कुणाचे? मी म्हटलं, तेव्हाचे.

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. हौदाच्या कठड्यावर बसून राहिल्या. म्हणाल्या, यातली एकेक मी बोटभर असल्यापासून ओळखते. मला त्यांची ही भावनाशीलता कामाच्या ठिकाणी योग्य वाटली नाही, तरी मी पाणी आणून दिलं. आणि शब्द दिला, की चोर मी पकडून देईन. साहेबही येणार आहेत.

१० एप्रिल
तपास चालू. हातभर मासा हवेत विरघळत नाही. तो कोणीतरी नेतो आणि कोणीतरी खातो. मासा शिजवणारा इथे एकच आहे.

पुरावे : स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर खवले सापडले. मामा हल्ली खुशीत असतात, गुणगुणतात. आणि मुख्य म्हणजे, मामा दर दोन दिवसांनी होडीवाल्याच्या हातात एक झाकलेला डबा देतात. मी आज आलो तर दोघं बोलायचे थांबले. कुठेतरी पाणी मुरतंय.

पहाटे मिशीरावांना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. माणसांपेक्षा मुकी जनावरं बरी.

१२ एप्रिल
साहेब आले. मी त्यांना बाजूला घेतलं. नाव घेतलं नाही. कुणाचं नाव घेणं माझ्या स्वभावात नाही. एवढंच म्हटलं, की स्वयंपाकघराच्या दिशेने एकदा बघावं. आणि डब्याचं सांगितलं. आणि खवल्यांचं.

साहेबांनी मामांना ऑफिसात बोलावलं. दार बंद होतं, पण मी खिडकीखालची कुंडी सरळ करत होतो. साहेब बराच वेळ बोलत होते. डब्यात काय असतं? मामा म्हणाले, जेवण असतं. कुणाचं? मामा म्हणाले, माझ्या वाटणीचं. साहेब म्हणाले, आणि मासे कुठे गेले, तुम्हाला काहीच माहीत नाही? यावर मामा गप्प राहिले. मग खिडकीकडे बघितलं.

गप्प राहणं म्हणजे कबुलीच.

मामांना कामावरून काढलं. दुपारच्या होडीने गेले. ॲप्रनची घडी करून ओट्यावर ठेवली. जाताना मला म्हणाले, जेवण झाकून ठेवलंय, गार झालं तर गरम करून घ्या. निर्ढावलेपणाची कमाल आहे. ज्या घरचं खायचं, त्याच घरचे वासे मोजायचे!

बाई धक्क्यापर्यंत त्यांची पिशवी घेऊन गेल्या. परत आल्यावर सरळ लॅबमध्ये गेल्या.

१३ एप्रिल
स्वयंपाक मी करतोय. तात्पुरतं. भात खाली लागला, पण वरचा भाग चांगला होता.

१५ एप्रिल
माद्या सतरा!

मामा जाऊन तीन दिवस झाले आणि तीन माद्या गेल्या. याचा अर्थ एकच. मामांचा साथीदार अजून इथेच आहे, आणि आता तो चेकाळलाय. इथे राहतं कोण? मी आणि बाई. मी नाही.

१६ एप्रिल
बाईंवर नजर ठेवली. दिवसभर मायक्रोस्कोप. संध्याकाळी मायक्रोस्कोप. माझ्या हातची भाजी न खाता बिस्किटं खाल्ली. संशयास्पद.

एक निरीक्षण : हल्ली कडी आकसत नाही. सकाळी ठेवलेली फट दुसऱ्या दिवशी तशीच असते. हवा बदलली.

१८ एप्रिल
माद्या चौदा. बाईंनी शहरातून कॅमेरा मागवला, हौदापाशी आजच बसवला. मी पूर्ण पाठिंबा दिला. संशयिताने स्वतः कॅमेरा बसवावा, ही खेळी मला चकवणार नाही, हे त्यांना कळावं म्हणून सूचक हसलो. त्यांनी विचारलं, दात दुखतोय का.

२१ एप्रिल
आज काय झालं ते नीट लिहितो.

साहेब आले. ऑफिसात कॉम्प्युटर लावला. बाई, साहेब, मी. होडीवालाही दारात उभा राहिला, त्याला कोणी जा म्हटलं नाही. मी स्वतःहून पुढची खुर्ची घेतली.

पडद्यावर मी आलो. बनियनवर, खांद्यावर टॉवेल. दाराची फट चाचपली. शीळ घातली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हे माझं खाजगी आहे, पुढे घ्या.

फटीतून मिशीराव आले. माझ्यापाशी बसले. मी मासा दिला. मी त्यांच्याशी बोलतोय, हातवारे करतोय. आणि माझ्या पाठीमागून, त्याच फटीतून, दुसरं पाणमांजर आलं. मग तिसरं. चौथं. पाचवं. रांगेत, शाळेला निघाल्यासारखी. हौदात उतरली. चौघांनी मिळून एक मादी वर ओढली आणि माझ्यापासून सहा पावलांवरून चरात नेली. मी तेव्हा मिशीरावांना निष्ठा या विषयावर सांगत होतो. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, एवढंच नशीब.

होडीवाला हसला. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग, तेच. तिसऱ्या दिवशीचं, तेच.

केसाने गळा कापला! बेचाळीस दिवस ज्याला हाताने भरवलं, त्याने मला बोलण्यात गुंतवून ठेवावं?

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. बाईंनी तिन्ही दिवसांची चित्रं शेजारी शेजारी ठेवली. गळ्याखालचे पांढरे डाग दाखवले. पहिल्या दिवशी माझ्यापाशी बसलेली ती आई. दुसऱ्या दिवशी तिचा मोठा मुलगा. तिसऱ्या दिवशी आणखी कोणीतरी. मासा मिळतो म्हणून ज्याला फावेल तो यायचा. मिशीराव असे कोणी नाहीतच.

मी विचारलं, पण शिळेला मान वाकडी करायचे ते? बाई म्हणाल्या, सगळीच करतात.

२२ एप्रिल
माद्या अकरा. साहेबांनी हुकूम दिला, मामांना परत घेऊन या. मी जाणार होतोच. माणसाने मोठं मन दाखवावं.

होडीत भाषणाची तयारी केली. सुरुवात चांगली जमली होती : झालं गेलं विसरून जाऊ. होडीवाल्याला म्हणून दाखवलं. त्याने इंजिन बारीक केलं आणि सांगितलं, त्या डब्यातलं जेवण माझ्या आईला जायचं. ती दोन वर्षं अंथरुणावर आहे. मामा स्वतः अर्धपोटी राहून द्यायचे. मी विचारलं, मग त्या दिवशी साहेबांसमोर तू का नाही बोललास? तो म्हणाला, मला बोलावलं कोणी?

मामा मुलीकडे राहतात. दोन खोल्या. नातीच्या वहीला कव्हर घालत बसले होते. बसा म्हणाले. पाणी दिलं. मी म्हटलं, मामा, साहेबांचा जरा गैरसमज झाला होता.

साहेबांचा?

मी म्हटलं, म्हणजे एकूणच. सगळ्यांचा.

मामा म्हणाले, माझा नव्हता झाला.

कव्हरची दुसरी बाजू दुमडली. मग सांगितलं. रोज सकाळी सातला लाकडं आणायला जायचो तेव्हा चराचं दार उघडं दिसायचं. मी कडी लावून टाकायचो. वाटायचं, झोपेत राहून जात असेल तुमच्याकडून. नोकरी नवी, घरापासून लांब. बाईंना कळलं तर उगाच बोलणी बसतील. म्हणून कुणाला सांगितलं नाही.

मी विचारलं, साहेबांनी तुमच्यावर आळ घेतला, तेव्हाही नाही?

म्हणाले, तुम्ही खिडकीखाली होतात ना. मला वाटलं, आत येऊन तुम्हीच सांगाल.

परत यायला नाही म्हणाले. जवळच्या एका शाळेत पोरांच्या जेवणाचं काम मिळालंय. रागावून नाही, साधं सांगितलं. निघताना विचारलं, बाई जेवतात का नीट?

भाषण केलं नाही.

२९ एप्रिल
दाराला कुलूप लागलं. किल्ली बाईंकडे. मला हौदाच्या शेडमध्ये जायची परवानगी नाही. अकरा माद्या आहेत, पण बाई म्हणतात, बिथरल्यात. अंडी देतील की नाही सांगता येत नाही. स्वयंपाक अजून मीच करतो. आता त्याला तात्पुरतं म्हणत नाहीत.

४ मे
ऑफिसचा चौकशी-फॉर्म आला. एक रकाना : नुकसानीचं कारण. पहिल्यांदा लिहिलं, पाणमांजर. खोडलं. लिहिलं, जुनाट लोखंड. खोडलं. दुपारभर बसलो. मग स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. होडीवाल्याच्या हातात फॉर्म देताना पाठ ताठ होती. आयुष्यात एवढं खरं मी कुठेच लिहिलं नव्हतं.

८ मे
फॉर्म परत आला. साहेबांनी लाल पेनाने खूण केली आहे : नाव खालच्या रकान्यात लिहायचं असतं. इथे कारण लिहा.

९ मे
दुसरा फॉर्म भरून पाठवला. कारण : कडी उघडी राहिली.

धक्क्यावर साहेबांचा फोन आला. म्हणाले, आता कसं बरोबर.