टाके नसलेलं ऑपरेशन

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९९९

लघवी पुन्हा लाल. आज बायकोपासून लपवता आलं नाही. तिनं पुण्याच्या दवाखान्याचा कागद कपाटातून काढून बारावीतल्या सुमनला वाचायला दिला. इंग्रजी कागद, मी कधी उघडलाच नव्हता. पोरगी वाचता वाचता थांबली. "अप्पा, तुमच्या पोटात नळी हाय. मूत्रपिंडापासून लघवीच्या पिशवीपर्यंत. महिन्यात काढून घ्या, असं लिहिलंय."

वर्ष झालं.

डॉक्टर बोललेही असतील. मी ऐकलं ते एवढंच, की लेसरनं खडा फोडला, चिरफाड नाही, टाके नाहीत. टाकेच नाहीत तर काढायला परत कशाला जायचं? खड्याचा चुरा बाटलीत भरून दुकानात ठेवला आणि गिऱ्हाइकांना वर्षभर हेच सांगितलं.

"सकाळच्या गाडीनं पुण्याला चला," बायको म्हणते. नळीवरच खडे धरले असतील का? निघेल का ती? नाही निघाली तर?

आणि उमापूरचे गुरुजी. ती बाटली बघूनच ते संक्रांतीला लेसर करून आले. परवा विचारत होते, दवाखान्यानं परत बोलावलंय, जाऊ का? मी हसलो. म्हणालो, टाके न्हाईत, कशाला जाता गुरुजी?

सकाळी आधी उमापूर. पुणं नंतर.