शाईचे पाच दाणे

१२ नोव्हेंबर, बुधवार
चार चिठ्ठ्या काढल्या — चौथीवर आपल्याच सुनेचं नाव! डाळ मिलच्या मॅनेजरनं मुद्दाम बोलावलं होतं. "जगदेवराव, तुमचा हात निर्मळ." वीस बायकांतून चार कामावरून कमी करायच्या. डबा पुढे केला. मी डोळे मिटून, शाळेच्या पुस्तकातली चिमणीची कविता मनात म्हणत चिठ्ठ्या काढल्या. काय ऐट माझी!
घरी सुनेनं, हेमलानं, ताट वाढलं. बोलली नाही.

१४ नोव्हेंबर
आजही नाही. भाजीतलं मीठ मात्र बोलत होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
नात योगिनी अकोल्याहून आली. संख्याशास्त्र शिकते. "आबाजी, कोणाकोणाच्या निघाल्या?" सांगितलं. मिलमध्ये दिवसभर उभ्यानं डाळ निवडायची. पाच जणींनी बसायला खुर्च्या मागितल्या होत्या. चारही चिठ्ठ्या त्या पाचांतल्याच!
"हे नशिबाचं काम नाही. करून पाहू."
लोट्यात सोयाबीनचे वीस दाणे, पाचांना निळी शाई. मी डोळे मिटून चार काढायचे, तिनं लिहायचं, पुन्हा आत. दिवसभर हेच! एक निळा दाणा कोंबडीनं गिळला. "आबाजी, एक बाई कमी झाली!" दुसरा रंगवला. मी कविता म्हणायला लागलो की तिची मोजणी चुके, मग ओरडे. तीनशे वेळा काढले. चारही निळे — एकदाही नाही! हजारात जेमतेम एकदा यायचे, म्हणते.
हेमला उंबऱ्यात उभी. "मंग डब्यातच भानगड होती, मामाजी."
बोलली!

२४ नोव्हेंबर
चौघींची तक्रार अन् तो लोटा घेऊन वाशिमला कामगार अधिकाऱ्यांपुढे. मॅनेजर म्हणे, "जगदेवरावच्या हातावर शक घेता काय?" योगिनी — "हातावर नाही, डब्यावर." साहेबांनी लोटा ओढला, स्वतःच दाणे काढत बसले. चहा गार झाला, चार निळे काही निघेनात. "बस करा साहेब," मॅनेजरच म्हणाला.
तडजोड झाली. चौघी परत, खुर्च्याही. कमी करायची ती एकच बाई. चिठ्ठी सगळ्यांसमोर, घड्या बायकांनीच घालायच्या. येताना एसटीत मी अख्खी कविता मोठ्यानं म्हटली. कंडक्टर — "आबाजी, आता तिकीट तं घ्या!"

१ डिसेंबर
"मामाजीच काढतीन," हेमलाच म्हणाली. डोळे उघडे ठेवले. कविता नाही.
निघाली — हेमला.
तीच आधी हसली. "आता खरी निघाली, मामाजी." मग नव्या खुर्चीवर जरा वेळ बसून पाहिलं तिनं.