चाकाला हात

४ ऑक्टो., शुक्र.
आईनं आज पुन्हा मशीन झाकून ठेवलं. पोर्टेबल मशीन, वेग दोनच आणि दोन्ही जास्त. पेडल दाबलं की सुई पळत सुटते, एकट्या डाव्या हाताला कापड आवरत नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा अजून अशक्तच.
दिवाळीनंतर चिपळूणला निखिलची बायको बाळंत होईल. पहिलं झबलं आजीच्या जुन्या सुती साडीचं, आजीनंच शिवलेलं, अशी आमच्याकडची रीत. माझ्या भावाचं बाळ म्हणून इकडे येतानाच आईनं आपली पिवळी साडी बॅगेतून आणलीये. मी म्हटलं, रेडिमेड घेऊ. उगीच म्हटलं.
हाताला काम द्या, असं फिजिओ दर खेपेला सांगते. आई उजवा हात पदराखाली घेऊन ऐकते.

६ ऑक्टो., रवि.
व्होल्टेज कमी करून पाहिलं. जोरच जातो, कापडाची घडी आली की सुई अडकते. म्हणजे पीडब्ल्यूएमच हवं. व्होल्टेज पूर्ण, पण तुकड्यातुकड्यांनी, भराभर चालू-बंद. नॉबनं 'चालू'चा वाटा कमीजास्त करायचा. कॉलेजात ५५५ टायमर आयसीवर केलं होतं. आज पिना आठवेनात.
नवरोजी, म्हणजे संदीप: "आठवडाभर दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज तपासतेस, आता स्वतःचं तपास." खरंय. इथं आखातात, हमरियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीत मी फक्त रिव्हिजन नंबर आणि सह्या बघते.

९ ऑक्टो., बुध.
येताना नेहमीचा जाम. पार्ट्सचं दुकान बंद व्हायच्या बेतात. मल्याळी दुकानदार अर्धं शटर ओढून म्हणाला, "मॅडम, रेडिमेड मॉड्यूल ले जाओ ना. खलास." नको म्हटलं, सुटे पार्ट घेतले. आईला रेडिमेड सुचवणारी मीच. हे आईसाठी चाललंय की माझ्यासाठी? पुढे लिहीत नाही.

१२ ऑक्टो., शनि.
डायनिंग टेबलवर सोल्डरिंग. मोटर चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, पहिला मॉसफेट, जळला. मोटरला उलटा डायोड लावायला विसरले, बंद होताना ती जो धक्का परत देते तो सगळा त्यानं खाल्ला. घरभर वास.
आई आतून: "अगं, डाळ लागली वाटतं."
इरा, मोबाइलमधून मान वर न काढता: "नो आजी, ममा इज कुकिंग इलेक्ट्रॉनिक्स."
दुसरा लावला, डायोडसकट. नॉब फिरवला की मोटर सावकाश होते. जेवायचं राहिलं.

१३ ऑक्टो., रवि.
आई बसली. नॉब अगदी खाली, पेडल दाबलं. मोटर नुसतीच गुणगुणली. इतक्या कमी वाट्यावर पहिला नेट लावायला जोर पुरत नाही. एकदा फिरली की चालते. मी "थांब, बघते" म्हणायच्या आत आईचा उजवा हात उठला आणि मशीनच्या चाकाला लागला.
जन्मभर पायमशीन चालवलेलं. चाकाला हात दिल्याशिवाय ते सुरूच होत नाही. चाक ढकललं, मोटरनं पकडलं. शिवण तिरकी, पण शिवण.
हात उचलल्याचं तिला कळलंही नसावं. संदीपनं माझ्याकडे पाहिलं. बोललो असतो तर हात परत पदराखाली गेला असता.

१७ ऑक्टो., गुरु.
रोज बसते. थांबली की पुन्हा चाकाला हात. फिजिओ म्हणाली, चालू राहू दे.
आज आई: "चांगलं केलंस गं, पण दर वेळी ढकलावं लागतं. खांदा भरून येतो. तेवढं होईल का नीट?"
होईल. एका कपॅसिटरचं काम, सुरू होताना क्षणभर पूर्ण जोर. तो घरातच पार्ट्सच्या डब्यात पडलाय. मी म्हटलं, पार्ट आणायला हवा.

२० ऑक्टो., रवि.
संदीप म्हणतो लावू नकोस, सांगूही नकोस. "औषध समज." औषधसुद्धा सांगून देतात. दोष माहीत असून कुणी सही केली तर ऑफिसात मी कागद परत पाठवते. इथे? खांदा तिचा, हात तिचा. पण व्यायाम म्हटलं की ती करत नाही, हेही खरं.
तिनं दोनदा विचारलं, पार्ट आला का. दोनदा खोटं बोलले.

२५ ऑक्टो., शुक्र.
कपॅसिटर लावला, सोबत एक छोटा स्विच. वर केला तर मोटर आपोआप सुटेल, खाली केला तर पूर्वीसारखी. मग आईला सगळं सांगितलं. पार्ट घरातच होता, तेही.
स्विचला बोट लावून ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस तुम्ही माझा हात बघत होतात."
मशीनवर कापड टाकलं. झबल्याची एक बाही राहिलीये. जेवताना संदीपला मात्र नेहमीसारखा आग्रह, "जावईबापू, आणखी एक पोळी घ्या." मला वाढलं नाही.

२७ ऑक्टो., रवि.
काल मशीन झाकलेलंच. आज इरा क्लासला, संदीप बाहेर. मी टेबलाशी हे लिहितेय. आत खुर्ची सरकली. कापड काढल्याचा आवाज. पेडलचा आवाज.
मोटर गुणगुणतेय. फिरत नाहीये, म्हणजे स्विच खालीच; चाकाला हात लागल्याशिवाय सुटायची नाही. फार वेळ अशी ठेवली तर तापेल.
उठायचं नाही.
अजून गुणगुणतेच आहे.