पंख्याखालची प्रार्थना

खडकी, मंगळवार

ती. नम्रताताईस मच्छिंद्रचा सलाम.

इकडे आम्ही सगळे प्रभुकृपेने उभे आहोत (माझा उजवा गुडघा सोडून, तो फक्त वाकत नाही). तिकडे नगरला तू, भाऊजी आणि तुझ्या त्या तीन उर्मट मांजरी ठीक असाल असं धरून चालतो. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. का, ते शेवटी कळेल, आधी पान उलटू नकोस.

पत्राला कारण एक पंखा आहे. आपल्या चर्चमधल्या सात पंख्यांपैकी उजवीकडच्या चौथ्या बाकावरचा एकच काय तो वारा देतो, बाकीचे नुसते फिरतात, हे तुला ठाऊक आहेच. लग्नाआधी तू त्याच बाकावर बसून पेंगायचीस. त्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला मी एकोणतीस वर्षं बसतो आहे. जागेवर नाव लिहिलेलं नाही, कारण तशी वेळच कधी आली नाही. तर मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी वेळेवर (म्हणजे दुसरं गीत संपता संपता) पोचलो, तो तिथे एक बाई बसलेल्या. मांडीवर पिशवी, पिशवीतून कोथिंबीर डोकावते आहे. मी शेजारी उभा राहून खाकरलो. पुण्यात खाकरण्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. बाईंनी पिशवीत हात घालून खडीसाखरेचा एक खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

त्या दिवशी सार्वजनिक प्रार्थनेची पाळी माझी होती. माझी प्रार्थना अकरा मिनिटांची असते हे सर्वश्रुत आहे. राष्ट्रपतींपासून सुरुवात करून पावसावरून, आजाऱ्यांवरून, परदेशी गेलेल्या मुलांवरून मी उतरत उतरत मंडळीपर्यंत येतो, आणि तिथे खरी मजा असते. कमिटीच्या बैठकीत जे बोलता येत नाही ते आपण डोळे मिटून बोलतो, ही आपली जुनी परंपरा. मधेच उठून उत्तर देण्याची कुणाची टाप नसते. मीही त्या दिवशी भरल्या गळ्याने विनंती केली की, हे दयाळू पित्या, जे नवे लोक तुझ्या घरात येतात त्यांना जसं तारण दिलंस तशी थोडी शिस्तही दे, आणि वृद्धांच्या शारीरिक गरजा, उदाहरणार्थ वारा, ओळखण्याची दृष्टी दे. (वृद्ध हा शब्द वजनासाठी घातला. मी चोपन्नचा आहे.) सर्वांत मोठ्याने आमेन म्हणाल्या त्या कोथिंबीरवाल्या बाई.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. हे आपले नवे पाळक, शुभंकर, वय एकतीस, चेहऱ्यावर कायम एक निरागस हसू, त्यामुळे हा माणूस भोळा आहे की भयंकर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणाले, दादा, तुम्हाला प्रार्थनेचं दान आहे, तेव्हा नव्या विश्वासणाऱ्यांचा वर्ग तुम्हीच घ्या. चार शनिवार, विषय ‘वैयक्तिक प्रार्थना-जीवन’. मी नम्रपणे दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, सूचनाफलकावर लावून टाकलं.

आता ताई, तुला म्हणून सांगतो. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तेव्हापासून विश्वास आपल्या घराण्याकडे जमिनीसारखा वारशाने आला, आणि जमिनीसारखाच तो दुसऱ्याने कसावा अशी आपली रीत पडली. चारचौघांत मी अकरा मिनिटं बोलतो. एकट्याने देवाशी शेवटचं कधी बोललो, ते आठवायला मला स्कूटरचं लायसन्स काढल्याची तारीख शोधावी लागेल. असा मी मास्तर.

विद्यार्थी तीन. चेतन हा वर्ध्याचा, खराडीला संगणकाच्या कंपनीत. संभाजी हा फॅक्टरीत कंत्राटी कामगार, रात्रपाळी करून थेट वर्गाला येणारा. डोळे मिटा म्हटलं की हा मिटायचा, आणि आमेननंतर त्याला हलवून उठवावं लागायचं (पण घोरत नसे, संस्कार चांगले). आणि तिसऱ्या कोण, तर त्याच कोथिंबीरवाल्या. वेणूबाई. राहायला विश्रांतवाडी, मंडईत लिंबू-मिरची-कोथिंबिरीची बसायची जागा, नवरा नाही, एक मुलगी सोनू, ती सात महिन्यांची गरोदर आणि रक्तदाब वर चढलेला.

पहिल्या शनिवारी मी छापील पुस्तिका उघडली आणि शिकवलं, की रोज एका ठरावीक वेळी खोलीत जावं, दार लावावं, आणि अर्धा तास शांत बसावं. चेतनने फोनमध्ये लिहून घेतलं. वेणूबाईंनी विचारलं, “दादा, खोली एकच आहे अन् माणसं पाच. दार लावलं तर चौघं कुठं जातील?” पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. ती छापणाऱ्याच्या घरी खोल्या बऱ्याच असाव्यात. मग त्यांनीच तोड काढली: पहाटेच्या पहिल्या बसमध्ये खिडकी मिळते आणि कुणी बोलत नाही, तिथे चालेल का? मी परवानगी दिली. मास्तरकीत हे एक बरं असतं, परवानगी देता येते.

दुसऱ्या शनिवारी चेतनने फोन दाखवला. रोज सात मिनिटं चाळीस सेकंद, सलग सात दिवस, हिरव्या खुणा. मग अगदी निर्मळ मनाने विचारलं, “सर, तुमचा स्ट्रीक किती आहे?” मी सांगितलं की आमच्या काळी मोजत नसत. त्याच्या डोळ्यांत आदर दाटून आला. खोटं न बोलता केवढं खोटं बोलता येतं पाहा.

त्याच दिवशी प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची होती. वेणूबाई म्हणाल्या, देवा, मी वेणू, मंडईतली, आज एवढंच, सोनूचं दादा सांगतील, त्यांची भाषा चांगली आहे. आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, सांगाल ना? मी म्हटलं, सांगतो हो, रोज सांगतो. हे वाक्य आपण कसं म्हणतो तुला माहीत आहे. ‘या एकदा जेवायला’ म्हणतो तसं. चर्चच्या दारात चपला घालता घालता मी असं आठवड्याला चार जणांना म्हणतो, आणि फाटकापर्यंत पोचेतो चौघांनाही विसरलेलो असतो. कुणी हिशेब विचारत नाही, कारण विचारणाऱ्याचीही स्थिती तीच असते.

चौथ्या शनिवारी मी समारोपाचं भाषण तयार करून गेलो, तर वेणूबाई तासभर उशिरा आल्या. थेट दवाखान्यातून. सोनूला सकाळी झटके आले होते आणि डॉक्टरांनी सही घेऊन आत नेलं होतं. बाहेर बसून काय करू म्हणून निघून आले, म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसून त्यांनी मला शांतपणे विचारलं, की देवाला नेमकं काय काय सांगून ठेवलं आहे? म्हणजे रक्तदाबाचं सांगितलं का? मी म्हटलं, तुम्हीही रोज बसमध्ये सांगतच असाल. त्या म्हणाल्या, नाही. तुमच्याकडे दिलंय म्हटल्यावर मी कसं सांगणार? एका कामाचे दोन अर्ज गेले की साहेब चिडतो, रेशन ऑफिसात पाहिलंय मी. मी बसमध्ये तुमच्या गुडघ्याचं सांगते.

ताई, पंधरा दिवस. पंधरा दिवस त्या पोरीचं नाव देवापुढे कुणीही घेतलं नव्हतं, आणि माझा गुडघा मात्र रोज पहाटे विश्रांतवाडीहून निघत होता.

कारखान्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला टोलवाटोलवी शिकवावी लागत नाही. तीन उत्तरं जिभेवर तयार होती. चेतन बघत होता. संभाजीसुद्धा जागा होता. मी म्हटलं, “वेणूबाई, मी एकदाही प्रार्थना केली नाही.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “बरं. आता करा. मी बसते.”

मी डोळे मिटले. राष्ट्रपतींपासून सुरुवात करण्यात अर्थ नव्हता. भरला गळा आला नाही, नुसताच गळा होता. सोनू, म्हटलं. वेणूबाईंची सोनू. आत नेली आहे. तिला आणि बाळाला सांभाळ. आमेन.

वेणूबाई पिशवी उचलत म्हणाल्या, “एवढंच? पंख्यासाठी तर केवढं बोलला होतात.”

आणि गेल्या. चेतन त्यांना गाडीवर सोडायला गेला. संध्याकाळी त्याचा निरोप आला: मुलगी, पावणेदोन किलो, काचेच्या पेटीत ठेवली आहे, सोनू शुद्धीवर. याचं श्रेय मी घेत नाही, माझा अर्ज फार उशिरा पोचला होता. मागल्या आठवड्यात मंडईत मुद्दाम गेलो तेव्हा बाळ घरी आलं होतं. मी म्हटलं, आता रोज प्रार्थना करतो, खरंच. वेणूबाईंनी मिरच्या तोलता तोलता सांगितलं की नको, आता माझं मीच सांगते, भाषा कशीही असली तरी त्याला समजतं. गुडघ्याचं मात्र चालू ठेवते, तुम्हाला जमेलसं दिसत नाही.

तेव्हा वर्गाचा हेतू सफल झाला. चारच शनिवारांत एका नव्या विश्वासणारीचं वैयक्तिक प्रार्थना-जीवन उभं राहिलं, आणि ते मास्तरावरचा विश्वास उडाल्यामुळे राहिलं. पाळकसाहेब फार खूश आहेत. मला प्रमाणपत्र देणार आहेत. भाऊजींना सलाम, मांजरींना काही नाही.

तुझा,
मच्छिंद्र

ता. क. वेणूबाई हल्ली डावीकडे खिडकीपाशी बसतात, त्यामुळे माझी जागा मला सन्मानाने परत मिळाली. पंखा गेल्या रविवारपासून बंद आहे.

ता. क. दुसरा. जूनमध्ये तू फोनवर डोळ्याच्या ऑपरेशनचं बोललीस आणि म्हणालीस, प्रार्थनेत आठवण ठेव. मी म्हटलं, रोज ठेवतो गं. ठेवली नव्हती. ऑपरेशन येत्या सोमवारी आहे हेही मला हिच्याकडून कळलं. आज सकाळी कामावर निघताना स्कूटरवर बसलो आणि ती चालू करण्याआधी ठेवली. दीड मिनिट झालं असेल. कोणता डोळा ते तुला तेव्हा विचारलंच नव्हतं, म्हणून दोन्ही सांगितले. कोणता ते कळव, उद्या नीट सांगतो.