चौथ्या प्रकरणातली आई

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? तीन वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नकोस, बातमी चांगली आहे.

मी एम.ए. झाले. धर्माचा अभ्यास हा विषय, वय त्रेपन्न, विभागात पहिली.

"कानात बोळे घालून कुणी धर्माची पंडित होत नाही," असं तू माझे इयरफोन बघून सगळ्यांसमोर म्हणाला होतास. तू त्या विषयाचा प्राध्यापक, तुझ्यापुढे कोण बोलणार? त्यानंतर मी पत्रंच थांबवली. पण दवाखान्याच्या धुलाईखान्यात आठ तास चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईने पुस्तक धरायचं कुठल्या हाताने? कान तेवढे मोकळे होते. म्हणून पॉडकास्ट ऐकत गेले. आधी अभ्यासकांच्या मुलाखती, मग साध्या माणसांच्या गप्पा. एक ट्रकवाला गाडी चालवताना प्रार्थना कशी करतो, एक सुईण बाळ हाती आलं की काय पुटपुटते. ग्रंथांत ही माणसं मला भेटली नव्हती. त्यांच्यावरच प्रबंध लिहिला.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षक बाई होत्या. चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "माइकपुढे माणसं काहीही सांगतात. याला पुरावा कसं म्हणायचं?"

मी म्हणाले, "काय घडलं, याचा तो पुरावा नाहीच, बाई. सांगणाऱ्याला काय घडायला हवं होतं, याचा आहे. धर्म बराचसा तिथेच राहतो. मात्र दुसरी बाजू माहीत असेल तर ती शेजारी मांडावी लागते. चौथ्या प्रकरणात मी मांडली आहे."

बाईंनी ते प्रकरण उघडलं, पुन्हा सावकाश वाचलं. मग म्हणाल्या, "हे मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे." दादा, मी खुर्चीत ताठ बसले होते, पण पाय जमिनीवर नव्हते.

आता त्या चौथ्या प्रकरणाचं सांगते. मघापासून मी त्याच्याभोवतीच घिरट्या घालतेय.

त्यात तू पुढे स्वतःच सुरू केलेला पॉडकास्ट आहे. नाव दिलेलं नाही. 'आमची आई शेवटच्या श्वासापर्यंत प्रार्थना करत होती,' असं तू सांगितलंस, तो भाग. तुझा आवाज भरून आला होता. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि ऐकत राहिले.

आईने शेवटची दोन वर्षं प्रार्थना केली नाही, दादा. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मागून झालं गं सगळं. आता नुसती बसते." आणि खिडकीशी बसायची, अगदी शांत. "त्याला सांगू नकोस, हाय खाईल," असंही म्हणाली होती. तिला दिलेला शब्द मी आज मोडला.

तुला खोटं पाडायला मी ते लिहिलं नाही. तुझी माया आणि तिची शांतता, दोन्ही शेजारी ठेवल्या. एकीने दुसरी खोडली जात नाही, हे मला सिद्ध करायचं होतं, आणि ते झालं.

विभागाने अशा आवाजांचा संग्रह उभा करायचं काम मला दिलंय. एक तारखेपासून इस्त्री बंद. संग्रहातली पहिली मुलाखत मला तुझी घ्यायची आहे, आईबद्दल. ये. या वेळी प्रश्न मी विचारीन.

तुझा एकही भाग न चुकवलेली,
तुझी धाकटी