कडब्याचं पारडू

अण्णा, तुमची नात इंदूरच्या कॉलेजात जनावरं कशी वागतात, त्यांना काय कळतं, कशाचा त्रास होतो, हे शिकते आहे. आमच्या सिंधीपुऱ्यातल्या बाया हसल्या, म्हशी राखायला आता फी भरावी लागते का म्हणून. मला हसू आलं नाही, कारण हा अभ्यास तिने तुमच्यापायी घेतला. लहानपणापासून मी तिला सांगत आले, अण्णा पहिली भाकर गाईला घालत, पोळ्याला बैलांच्या पाया पडत, म्हशीला तापीवर नेऊन स्वतः घासत. यातलं काही खोटं नाही. खर्चात माझा हात आखडता असतो, तसा सांगतानाही आखडला, एवढंच.

राखीच्या सुट्टीत ती आली. जुन्या काळी घरी धार कशी काढत, ते विचारून या, असं मॅडमनी सांगितलं होतं. मी पोळ्या लाटत होते, ती वही घेऊन ओट्याशी बसली. बोलता बोलता आपला जैनाबादचा गोठा निघाला. म्हैस व्याली, हेला, म्हणजे नर पारडू झालं. हेल्याचा काय उपयोग, म्हणून तुम्ही त्याला आचळाला तोंड लावू द्यायचे आणि पान्हा फुटला की ओढून खुंट्याला बांधायचे. सगळं दूध डब्यात, नदीपलीकडे शहरात. पारडू वाळत वाळत गेलं. मेलं तेव्हा तुम्ही त्याचं कातडं काढून घेतलं, आत कडबा भरला, लाकडाचे पाय लावले, वरून मीठ चोळलं. दोन्ही वेळेला ते म्हशीपुढे धरायचं काम माझं. ती त्याला चाटायची आणि दूध सोडायची. तिची खरखरीत जीभ माझ्या हातावरूनही फिरायची. एकदा मी रडले तर तुम्ही म्हणालात, "जनावराला काय कळतं? वास आला की झालं."

पोरीचं पेन थांबलं. "मम्मी, तो मेला की मारला?"

"उपाशी ठेवला," मी म्हटलं.

"और तू बोलती थी अण्णा..." तव्यावरची पोळी करपली. ती टाकली नाही, मीच खाल्ली.

त्यापुढचं तिला सांगितलं नाही. तिच्या आधीचा माझा मुलगा तुमच्याच घरी, बाळंतपणात गेला. छाती भरून यायची, चोळी भिजायची, आणि दूध प्यायला कोणी नाही. तुम्ही दारातूनच म्हणालात, "म्हैस तिसऱ्या दिवशी धार देते. तू काय तिच्याहून मोठी? ऊठ, वेळ झाली." आणि मी उठले, अण्णा. म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसले आणि तुमची बादली भरून दिली.

जाताना पोरीनं बॅग भरता भरता सांगितलं, म्हैस व्याल्याबरोबर पिलाला चाटते, तेव्हाच त्याची ओळख पक्की होते. मी विचारलं, मग ते कडब्याचं आहे हे तिला कळत होतं का. तिनं बॅगेची चेन ओढली. "कळत असेल गं. पण चाटायला दुसरं काय होतं तिच्याजवळ?" इतकी वर्षं मी या पोरीपुढे तुमचं कातडं भरून धरलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्याला मीठही मीच चोळलं होतं.

काल सर्वपित्री झाली. तुम्हाला मुलगा नाही, म्हणून पान दरवर्षी मीच ठेवते. यंदा खिरीत दूध घातलं नाही. तांदळाची पेज घट्ट शिजवली, साखर घातली, वेलदोडा घातला. दिसायला खीरच. देवापुढे दिवा लावला, तुमचं नाव घेऊन हात जोडले, पान गच्चीवर ठेवलं. कावळा लगेच शिवला. शेजारीण म्हणाली, बाप तृप्त झाला गं तुझा.

हे पत्र पानाशेजारी ठेवायचं म्हणून आधीच लिहिलं होतं; कालचं तेवढं आज खाली जोडलं. ठेवलं नाही. ते वाचून खीर कशाची होती, हे तुम्हाला कळलं असतं.